रेघ जुळली की हँडल

१

सोसायटीचे सेक्रेटरी शहाजी भोइटे यांनी माझ्या वडिलांना सर्वांत आधी पाहिलं, आणि सर्वांत आधी फोन केला तो टोइंगवाल्याला. त्यांना वाटलं, म्हातारा पुन्हा गाडीखाली शिरलाय. आज ही गाडी उचलायचीच. जवळ गेल्यावर त्यांना रक्त दिसलं.

नेरूळच्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, बाबा त्यांच्या जुन्या फियाटसमोर उताणे पडले होते. उजवं मनगट मोडलेलं. डोकं मागच्या सिमेंटच्या कठड्यावर आपटून फुटलेलं. गाडी चालू करायचं लोखंडी हँडल बंपरच्या भोकात तसंच अडकलेलं. चावी फिरवलेली होती, इंजिन मात्र बंद होतं.

माझे वडील श्यामसुंदर खांबेटे पावण्याच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. आई, सुचित्रा, कितीतरी वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होती, शाईनं नकाशे गिरवायची. बाबा त्या कामाला गिरगोट्या म्हणत. माझा धाकटा भाऊ अभिराम त्यांच्याजवळच राहायचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी बाबांच्या बोलण्याला कंटाळून घर सोडून गेली. त्यांची मुलगी जाई, आता सहा वर्षांची, अभिरामकडे राहिली. गाडीला सेल्फ होता, बॅटरी उत्तम होती, तरी आठवड्यातली पहिली सुरुवात हँडलनंच व्हायची, रविवारी, सगळ्या सोसायटीदेखत. "सेल्फ आजाऱ्यांसाठी असतो," असं बाबा म्हणत आणि अभिरामकडे बघत.

हँडल मारणाऱ्याला इंजिनाची एक भीती बाळगावी लागते. पिस्टन वर पोचतो तेव्हा पेट्रोलला ठिणगी मिळायला हवी. ती कधी पडणार हे डेल्को ठरवतो. इंजिनाच्या कडेला उभा असलेला हा डबा बोल्ट सैल करून जरासा फिरवला, की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे किंवा मागे जातं. फार पुढे गेलं तर पिस्टन पोचायच्या बराच आधी स्फोट होतो, इंजिन उलटा हिसका देतं आणि हँडल हातासकट मागे येतं. म्हणून बाबा टायमिंग पुस्तकात दिलंय त्याहूनही मागे ठेवत. गाडी चढावर रडायची, पण हात शाबूत राहायचा.

पोलिसांना टायमिंग भलतंच पुढे सापडलं. गुरुवारी बाबांनी पावण्याच्या हारुन मुकादम या मेकॅनिककडून गाडीचं काम करून घेतलं होतं, आणि तिथे भांडण झालं होतं. "साहेब, टायमिंग थोडं पुढे घेऊ, गाडी पळेल," एवढंच हारुन म्हणाला, आणि बाबांनी त्याच्यावर पाना फेकला. आजूबाजूच्या गाळेवाल्यांनी ते पाहिलं होतं. अभिरामनं फिर्याद दिली, की तो राग धरून हारुननं मुद्दाम टायमिंग पुढे केलं आणि माझ्या वडिलांचा जीव घेतला. हारुनला त्याच दिवशी उचललं.

त्यानंतर चार दिवसांनी त्याची बायको नफिसा माझ्या खारघरच्या दाराशी उभी राहिली. आत या म्हटलं तर आली नाही.

"उद्या कोर्ट हाय, बाई. वकील बोलतो, जामीन नाय होनार. खुनाच्या खालोखाल कलम लावलंय."

"तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"हारुन बोलला, खांबेटेसाहेबांच्या घरात गाडी समजनारं माणूस एकच, मुलगी. तिला जाऊन सांग, डेल्को साहेबांनी सांगितला तसाच लावला. रेघ पन त्यांनी सोताच्या हातानं मारली. बाटली त्यांच्याच खिशात होती." ती थांबली. "कसली रेघ ते मला माहीत नाय. पोलीस ऐकून हसतात."

मला माहीत होतं.

२

टायमिंग मनासारखं लागलं की बाबा डेल्कोचा बोल्ट आवळत. मग जुनी खूण आणि तिथलं तेलकट काळं ब्लेडनं खरवडत, आणि नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढत, अर्धी इंजिनवर, अर्धी डेल्कोवर. डेल्को केसभर हलला तरी रेघ तुटलेली दिसायची. दर रविवारी बॉनेट उघडून आधी ती रेघ बघायची. "रेघ जुळली की हँडल," हे त्यांनी मला शिकवलं तेव्हा मी शाळेत होते. नेलपॉलिशची बाटली माझी होती. लग्नानंतर माहेरी राहिली, ती त्यांनी घेतली.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. तपास सब-इन्स्पेक्टर जयमाला तांडेल यांच्याकडे होता. त्या मूळच्या शिरवण्याच्या.

"फिर्यादीची बहीन आरोपीसाठी गाडी बघायला आली, असं पैल्यांदाच बघते," त्या म्हणाल्या. "भावाला माहीत हाय?"

"नाही."

"मग मला पन माहीत नाय. उरका पटकन. आनि तो डेल्को जागचा हलवू नका."

मी प्लग काढले, डेल्कोच्या तारेला एक छोटा बल्ब जोडला आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. बल्ब लागतो तो ठिणगीचा क्षण. बाबांच्या टायमिंगला पुलीवरची खाच शून्याच्या खुणेसमोर आली की बल्ब लागायचा. तो दोन बोटं आधीच लागला.

"दोन बोटं म्हंजे लय?" जयमालाबाईंनी विचारलं.

"हात मोडायला पुरे."

मग मी टॉर्च डेल्कोच्या बुडाशी नेला. लाल रेघ तिथे होती. सरळ, दोन्ही टोकं चौकोनी, इंजिनवरून डेल्कोवर न तुटता गेलेली.

"जुळलीय की!" जयमालाबाई वाकून म्हणाल्या. "म्हंजे गुरुवारी लावला तसाच हाय. हारुननं पुढं लावला, तुमच्या बाबांना समजलं नाय, त्यांनी वरून रेघ मारली. गेला तुमचा हारुन."

त्या म्हणाल्या ते खरं वाटत होतं. मी टॉर्च तिरपा धरला. इंजिनच्या बाजूला रेघ ब्लेडच्या ओरखड्यांवर बसली होती. डेल्कोच्या बाजूला मात्र तिच्याखाली एकही ओरखडा नव्हता. तिथला धातू गुळगुळीत होता आणि त्या लालीत कापसाचा एक तंतू चिकटला होता. ओरखडे होते ते शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. जुने, काळवंडलेले, आणि त्यांच्यावर अगदी ताजे, चमकणारे.

"हे ताजे ओरखडे गुरुवारचे," मी म्हटलं. "बाबांनी रेघ मारायच्या आधी खरवडलं तेव्हाचे. ते जुन्या ओरखड्यांच्याच जागी आहेत. म्हणजे गुरुवारी टायमिंग नेहमीचंच होतं. त्यानंतर कुणीतरी डेल्को फिरवला, तसे ते बाजूला गेले."

"आनि ही रेघ?"

"तीही नंतरची. जुनी रेघ कापसानं, रिमूव्हर लावून पुसली. खरवडलेली नाही. हारुनच्या गॅरेजात पेट्रोल, घासलेट, चिंध्या मिळतील. नेलपॉलिश रिमूव्हर मिळणार नाही."

"आमाला फसवायला?"

"तुम्हाला तर रेघ माहीतच नव्हती. बाबांना फसवायला. तुटकी रेघ दिसली असती तर त्यांनी हँडलला हातच लावला नसता."

जयमालाबाई सरळ झाल्या. त्यांनी मोबाइल काढून रेघेचा आणि ओरखड्यांचा फोटो घेतला, मलाही घेऊ दिला.

"म्हंजे मिष्टेक नाय," त्या म्हणाल्या. "कोनीतरी बसून, इचार करून केलंय. ती बाटली ठेवतात कुठं?"

"आमच्या घरात," मी म्हटलं.

३

तरीही मी आधी शहाजी भोइट्यांकडे गेले. त्यांनी केलेलं असावं असं मला फार वाटत होतं.

ते मूळचे साताऱ्याकडचे. कळंबोलीला लोखंडाची वाहतूक करून आता सोसायटी चालवत होते. बाबांना ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, ही गाडीच एक दिवस तुमचा जीव घेईल.

"म्हनलो होतो," ते म्हणाले. "खरं झालं, तर माझी काय चूक? बसा. चहा सांगू?"

"नको. तुम्हाला डेल्को माहीत आहे?"

"तुमी पोलिसात लागला का काय? अवो मॅडम, आमचं समदं आयुष्य डिझेलवर. डिझेलला ठिणगी नाय, डेल्को नाय, नाटकं नाय. हँडलबिंडल मारायचं तर लांबच." त्यांनी आवाज खाली आणला. "गेलेल्या मानसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी गप हाय. पन लय खडूस. शनिवारी संध्याकाळी शेवटचं भेटलो, तवा पन शिव्याच घातल्या."

"शनिवारी? कुठे?"

"गेटवर. तुमचे वडील, आई आन् अभिराम, तिघं कुठनं तरी आले. गाडीवर नवीन स्टिकर नाय, म्हणून मी हात केला. म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं. मला म्हनतो, भोइटे, तुमच्याशी भांडायला मी पेट्रोल का जाळू? मग काच खाली करून भांडला. माझ्या बायकोच्या माहेरापर्यंत गेला."

"आणि मग?"

"मग दमला. सेल्फ मारला नि फर्रकन आत. माझी नवी गाडी एवढ्या लवकर चालू होत नाय."

"पहिल्याच झटक्यात?"

"अवो हां. मीच मनात म्हनलो, म्हातारा आन् गाडी, दोघं पन मरत नाय लवकर." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते टेबलावरचे स्टिकर मोजायला लागले.

मी जिन्यात येऊन उभी राहिले. तापलेलं इंजिन, टायमिंग दोन बोटं पुढे, आणि सेल्फ पहिल्याच झटक्यात? हे होत नाही. सेल्फ कण्हला असता, मध्येच अडकला असता, गचका देऊन थांबला असता. शनिवारी संध्याकाळी त्या गाडीचं टायमिंग बरोबर होतं. हारुननं गुरुवारी केलेलं काम शनिवारपर्यंत जसंच्या तसं होतं.

म्हणजे डेल्को फिरला तो शनिवारी संध्याकाळनंतर आणि रविवारी सकाळच्या आत. फियाटचं बॉनेट उघडायची कळ गाडीच्या आत असते. गाडी कुलूपबंद होती, काच फुटलेली नव्हती. चाव्या घरात होत्या, बाटली घरात होती. आणि त्या वेळात घरात, बाबांना आणि जाईला सोडून, दोनच माणसं होती.

४

अभिराम बाबांचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होता. कुठल्यातरी आश्रमाला द्यायचे होते. घड्या वाकड्या होत होत्या.

"ताई, तू पोलीस ठाण्यात गेली होतीस?" त्यानं वर न बघता विचारलं. "भोइटेकाका म्हणाले, तू त्यांची उलटतपासणी घेतलीस."

"फिर्यादीत तू लिहिलंयस, शनिवारी उरण फाट्याच्या पुलावर गाडी खडखडत होती."

"होतीच. चढावर नॉकिंग. मी बाबांना म्हटलं, हारुननं टायमिंग बिघडवलंय. ऐकतील तर ते बाबा कसले?"

"मग गेटवर भोइट्यांनी अडवलं."

"हो. तमाशा."

"इंजिन बंद केलं होतं?"

"केलं. भांडायला."

"मग परत सेल्फ मारला तेव्हा?"

"तेव्हा काय? झाली की लगेच चालू."

तो पुढचा शर्ट उचलायला वाकला. माझा चेहरा बघून तसाच थांबला. टायमिंग पुढे गेलं की चढावर खडखड होते, हे त्यानं मोबाइलवर कुठेतरी पाहिलं असणार. तापल्यावर सेल्फचं काय होतं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. बाबांनी त्याला ती चावी कधी फिरवू दिली नव्हती. मी त्याला ते समजावून सांगितलं, शांतपणे, बाबांनी मला सांगितलं होतं त्याच शब्दांत.

तो पलंगावर बसला.

"मी केलं," तो म्हणाला. "एकट्यानं केलं."

"का?"

"त्यांना काचबिंदू होता. बाजूचं काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून लिहून दिलं, त्यांनी तो कागद जाईला विमान करायला दिला. पामबीच रोडला दुभाजकावर घातली गाडी. जाई पुढे बसली होती, तिचा ओठ फाटला. हे काय म्हणाले माहितेय? 'रडतेय काय, अभिरामची मुलगी शोभते.' आणि मे महिन्यात तिला घेऊन गुहागरला जाणार होते. एकटीला."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुला?" तो हसला. "तू आलीस की ते वेगळे व्हायचे. तुला कुठला माणूस सांगायचा होता मी?"

मी एक शर्ट उचलून पिशवीत टाकला.

"चावी लपवली, त्यांनी दुसरी काढली. कॉइलची वायर काढली, तर जेवता जेवता सगळ्यांसमोर हसले. म्हणे, याला चोरीसुद्धा धड येत नाही. गाडी मोडली की ते दुरुस्त करायचे, ताई. गाडी मोडून काही उपयोग नव्हता."

"म्हणून माणूस मोडलास."

"मनगट! नुसतं मनगट. दोन महिने प्लास्टर, मग ते चालवणार नाहीत, तेवढ्यात गाडी विकू. मरायचं नव्हतं त्यांनी."

"आणि हारुन?"

त्यानं पिशवी पायाशी ओढली. "पोलिसांनी विचारलं, गाडीला शेवटचा हात कुणाचा. माझ्या तोंडून नाव गेलं. मग त्यांना भांडणाचं कळलं, पाना फेकल्याचं कळलं. ते सगळं आपोआप जुळत गेलं. मी फक्त सही केली."

"उद्या त्याला कोर्टात उभं करतील."

"ताई, मला मुलगी आहे."

"त्यालाही आहे. नाझिया. कॉलेजात जायची, आता घरात बसलीय."

त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. बोटं थरथरत होती. ती लहानपणापासून थरथरतात. अक्षर वाकडं आलं की बाबा त्या बोटांवर पट्टी मारत, आणि पट्टीच्या भीतीनं पुढचं अक्षर आणखी वाकडं यायचं.

"रेघही तूच मारलीस?" मी विचारलं.

"हो," तो लगेच म्हणाला. फार लगेच.

मी मोबाइलवरचा फोटो उघडला. रेघ सरळ होती. दोन्ही टोकं चौकोनी होती. तो खोटं बोलत होता.

५

आई स्वयंपाकघरात दुधीची साल काढत होती. सुतकात शेजारणी डबे देत होत्या, तरी तिला हाताला काम लागायचं.

"अभिराम म्हणतो, त्यानं एकट्यानं केलं," मी म्हटलं.

तिनं काय केलं म्हणून विचारलं नाही.

"मग तसं समज."

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. लहानपणी तिच्या ऑफिसात मी टेबलाखाली बसून असायचे. शाईची रेघ ओढताना सुरुवातीला आणि शेवटाला किंचित थांबायचं, म्हणजे टोकं विरत नाहीत, धारदार येतात. हे ती नव्या मुलींना शिकवायची तेव्हा मी ऐकलं होतं. बाबांची रेघ नेहमी जाड यायची, एका टोकाला थेंब साचलेली.

"ही तुझी रेघ आहे, आई."

तिनं हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पाहिला. आपलं जुनं काम तपासावं तसा.

"टॉर्च अभिरामनं धरला होता," ती म्हणाली. "सारखा हलत होता. नाहीतर अजून चांगली आली असती."

मी खुर्ची ओढून बसले.

"पहाटे ते झोपलेले असताना खाली गेलो. डेल्को किती फिरवायचा ते अभिरामनं बघून ठेवलं होतं. रेघेचं त्याला सुचलं नव्हतं, मला सुचलं. मी म्हटलं, ते आधी रेघ बघतील." ती पुन्हा दुधीकडे वळली. "त्यांनी बघितलीही. मी गॅलरीत उभी होते. बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, मान हलवली, बॉनेट लावलं."

"तू बघत होतीस?"

"मग कोण बघणार?"

"आई, ते मेले."

"मेले. तसं ठरलं नव्हतं. पण मला रडू येत नाहीये, त्याला मी काय करू? तू रड. तुला त्यांनी डेल्को शिकवला, टायमिंग शिकवलं. मला काय शिकवलं सांगू? चपला काढल्याचा आवाज ऐकून कळायचं, आज ताट भिंतीवर जाणार की नाही. तू घरात असलीस की ताट जागेवर राहायचं. म्हणून तू सासरी गेलीस तेव्हा मी रडले होते."

बाहेर कुणाची तरी लिफ्ट थांबली, दार वाजलं. आमच्याकडे कुणी आलं नाही.

"हारुनला वकील देऊ आपण," आई म्हणाली. "चांगला देऊ. सुटेल तो कधीतरी."

"कधीतरी?"

"गीतू, नीट ऐक. जाईची आई आधीच गेलीय. बापही आत गेला, आजीही गेली, तर त्या पोरीनं काय करायचं? आणि ते कुणासाठी? पावण्याच्या एका मेकॅनिकसाठी?"

"त्यानं काही केलेलं नाही, आई."

"मी तरी काय केलं होतं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं आत होते. कोण आलं मला सोडवायला? तू आलीस?"

मी उठले. ती माझ्या मागे दारापर्यंत आली. मला वाटलं हात धरेल. तिनं फक्त माझ्या पर्सची उघडी चेन लावून दिली.

"तू नाही बोलणार," ती म्हणाली. "घरातलं आहे हे."

६

जयमाला तांडेल यांनी जबाब स्वतः लिहून घेतला. शिपायाला बाहेर बसवलं. ओरखडे, कापूस, गेटवरचा सेल्फ, सगळं मी क्रमानं सांगितलं. त्या मध्ये एकदाच बोलल्या.

"मयताशी नातं?"

"मुलगी."

"आरोपींशी?"

"एकाची बहीण." मी थांबले. "दुसरीची मुलगी."

"दोनदा मुलगी लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. "आमच्या गावात तुमाला वाळीत टाकलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांना ते चांगलं वाटत होतं की वाईट, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जाई शाळेत गेल्यावर, पोलिसांची गाडी नेरूळला गेली. अभिराम शर्टाची पिशवी घेऊनच खाली आला, ती कुठे ठेवायची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. तिनं कशालाही नकार दिला नाही. बाटली तिनंच देवघराच्या खणातून काढून दिली.

दुपारी कोर्टानं हारुनला सोडलं. मी आवारात थांबले होते. नफिसा त्याच्यासाठी धुतलेला शर्ट घेऊन आली होती. त्यानं तो तिथेच, भिंतीकडे तोंड करून बदलला. मग माझ्याकडे आला.

"तुमच्या बाबांनी मला पाना मारला," तो म्हणाला. "मी उचलून त्यांच्या हातात दिला, बोललो, साहेब, पडला तुमचा. असं चालायचं आमचं. तुमच्या भावानं जे मारलं, ते कसं उचलून देऊ? नफिसा बोलते, रविवारपासून आजूबाजूचे गाळेवाले माझ्या शटरपुढून जाताना बघतात. सुटलो तरी बघनार."

"मी तिथे येऊन सांगेन सगळ्यांना."

"नका येऊ," नफिसा म्हणाली. "तुमच्या घरातलं कोनी आमच्या दारात नको." तिनं नवऱ्याचा जुना शर्ट पिशवीत कोंबला आणि दोघं रिक्षात बसली.

अभिराम आणि आईला त्याच कोर्टात आणलं होतं. कॉरिडॉरमध्ये आई माझ्या अगदी जवळून गेली. जयमालाबाईंनी तिला थांबू दिलं. तिनं मला नीट न्याहाळलं, नवीन कुणाला बघावं तसं.

"तुझ्यात माझं काहीच आलं नाही," ती म्हणाली. "सगळी त्यांच्यावर गेलीस. तेही असेच. बरोबर असायचे, आणि मग बाकीच्यांचं काय व्हायचं ते बघायचेही नाहीत."

मग तिनं कनवटीला लावलेली घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जाईची शाळा सुटेल. दार बंद दिसलं तर घाबरते."

मी नेरूळला पोचले तेव्हा शाळेची बस नुकतीच गेली होती. पार्किंगमध्ये फियाटच्या जागेवर भोइट्यांनी आधीच दोन स्कूटर लावल्या होत्या. जाई दारापुढे पायपुसण्यावर बसली होती, दप्तर पाठीला, पाण्याची बाटली मांडीवर.

"आत्या, आजी कुठाय?" तिनं विचारलं. "आणि बाबा?"

मी दार उघडलं. तिला आत घेतलं, बूट काढले, पाणी दिलं. देवळात गेलेत, असं म्हणता आलं असतं. गावाला गेलेत, असंही.

मी तिला समोर बसवलं आणि खरं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दाराला आतून कडी घातली.